पहिल्या डबीचं तोंड

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी वेळेवर जेवते, झोपते. आईकडे चुगल्या थांबव. पण डोक्यात एक भुंगा शिरलाय. आमच्या उपग्रहावर कण मोजायच्या दोन डब्या कारखान्यात तूच बसवल्या होत्यास ना? ध्रुवाजवळच्या आकाशात हिरवा-तांबडा प्रकाश झळकतो, त्याच्याही वरून हा उपग्रह जातो. तिथले ऑक्सिजनचे विद्युतभारित कण दोन्ही डब्यांना दिसतात. पहिली म्हणते, ते वरून खाली येताहेत. दुसरी म्हणते, खालून वर, पृथ्वी सोडून चाललेत! आमच्या साहेबांच्या मते दुसरी उलटी बसलीय. मला म्हणाले, ती बरोबर असल्याचा महिनाअखेर पुरावा दे, नाहीतर तिचे आकडे अहवालातून काढ. दोन वर्षं घातलीत गं मी यात. दुसरी नीट बसवली होतीस ना?

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. दुसरी डबी अगदी नीट आहे. उलटी आहे ती पहिली. बसवताना वायर बोटभर कमी पडली. नवी मागवायची तर आठवडा गेला असता. मी डबी अर्धी फिरवून बसवली, मग नोंदवू म्हटलं आणि विसरले. आठवलं तेव्हा उपग्रह वर गेला होता. पुढे तोंड उघडायचा धीर झाला नाही. माझ्या हातून कधी चूक झाली नाही अशी ख्याती, म्हणून तर निवृत्तीनंतरही कारखाना दर मंगळवारी नव्या मुलींना शिकवायला बोलावतो.

आता माझं नाव घालून सांग. ‘एका कर्मचाऱ्याने’ असलं गुळमुळीत नको.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

साहेब नुसत्या शब्दावर विश्वास ठेवतात थोडेच! मग आम्ही सूर्य शोधला. उपग्रह गिरकी घेताना डबीत उन्हाची तिरीप शिरते आणि आकड्यांत तिची खूण उमटते. पहिल्या डबीत ती असायला हवी त्याच्या बरोबर उलट्या बाजूला सापडली! तिचे आकडे फिरवून घेतले, तर दोन्ही डब्या एकच सांगतात: कण वरच चाललेत. साहेब तासभर माझ्या खुर्चीत बसून आकडे बघत होते, मी आपली उभी.

अहवालात तुझं नाव घातलं. कारखान्यात काय म्हणाले ते लपवू नकोस.

तुझीच,
भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारचा वर्ग बंद झाला. व्यवस्थापकांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं. वाईट वाटलं, रडलेही. पण इतक्या वर्षांनी छातीवरचं ओझं उतरलं, हेही खरं.

आता मात्र एका गोष्टीने चैन पडत नाहीये. एवढा जड ऑक्सिजन वर ढकलतं तरी कोण? आणि गेलेले कण परत येतात, की गेले ते गेलेच? तुझ्या काकांना विचारलं, तर त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मंगळवारी मोकळीच असते, तेव्हा येते तुझ्याकडे. मला कळेल असं सांग, नाहीतर दर मंगळवारी येईन.

तुझी आत्या