भिंगरीच्या नावाची संमती

प्रिय धाकट्या,

तुझं जाड पाकीट परवा मिळालं. आत वकिलांचा संमतीचा कागद, बिस्किटांच्या वेष्टनाचे रंगीत नमुने आणि सही करायच्या जागी पेन्सिलीची फुली. खुशालीची एक ओळ नव्हती, तेव्हा सगळे मजेत असाल असं मीच समजून घेतलं. नमुन्यांच्या मागच्या बाजू छान कोऱ्या आहेत, त्यांवरच लिहिते आहे. चांगला कागद वाया घालवणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे.

तू बिस्किटांचा कारखाना काढतोयस म्हटल्यावर मला आनंदच झाला होता. फोनवर एकेक नाव सांगायचास, मी कौतुकाने ऐकायची. आधी 'खुसखुशीत' ठरवलंस. वकील म्हणाले, हे तर मालाचं वर्णन झालं, उद्या कुणीही आपल्या बिस्किटाला खुसखुशीत म्हणेल, त्याला अडवता यायचं नाही. मग दुसरं निवडलंस, तर तसंच ऐकू येणारं नाव एका पाववाल्याने आधीच नोंदवलेलं निघालं. खोके छापून झाल्यावर त्याची नोटीस आली असती तर केवढ्याला पडलं असतं! मी आपलं देवाचं नाव सुचवलं. त्यावर तुझे वकील म्हणाले म्हणे, की देव सगळ्यांचा, त्याच्या नावावर एकट्याचा हक्क सांगणं अवघड. त्यांना माझा नमस्कार सांग. इतकं धर्माचं बोलणं मी वकिलाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मग तुला आई आठवली. नोंदणीसाठी का होईना, आठवली. 'भिंगरी' हे नाव कुणीच घेतलेलं नव्हतं, वकिलांनी शोध घेतला, रस्ता मोकळा निघाला. अडचण एवढीच, की टोपणनाव आणि फोटो गेलेल्या माणसाचा, तिला जाऊन फार वर्षं झालेली नाहीत, म्हणून वारसांची लेखी संमती लागते. वारस आपण दोघंच. तू तुझी संमती तुला दिली असशीलच. उरले मी.

वेष्टनावर लिहिलंयस की आमची भिंगरी पहाटे उठून आम्हा भावंडांना बिस्किटं भाजून द्यायची. अरे, आपल्या घरी भट्टी होती कधी? आई दुसऱ्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं बांधायला उभी असायची. या टेबलावरून त्या टेबलाकडे पळायची, म्हणून तिथल्या बायका तिला भिंगरी म्हणायच्या. कपड्यांना येणारा तो गोड वास तिला नकोसा व्हायचा. घरी आली की आधी अंघोळ, मग आपल्याला जवळ घेणं. तिथे प्रत्येक खोक्यात पाकिटं बांधणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी टाकायची पद्धत होती. माल मऊ निघो, मोडका निघो, चिठ्ठी परत यायची आणि त्या नंबराच्या बाईला सगळ्यांदेखत बोलणी बसायची. भाजणारा नामानिराळा. आता तू तिला पुन्हा खोक्यावर बसवतोयस. माल बिघडला की गिऱ्हाईक भिंगरीलाच नावं ठेवणार. त्यापेक्षा स्वतःचं नाव घाल. कुणाच्या संमतीसाठी अडायला नको, आणि बोलणी ज्याची त्याला.

फोटोचंही सांगून टाकते. ती हसतेय तो फोटो शेजारणीने काढला होता, मी आईला भरवत असताना. तिच्या ओठांशी माझ्या हातातला चमचा होता. तुझ्या छापखानेवाल्याने चमचा पुसला, मागचा हातही पुसला. फार सफाईने पुसलाय. बघणाऱ्याला वाटेल, तुझ्याकडेच बघून हसतेय.

ताई पैशासाठी अडून बसली असं तुझ्या घरी बोललं जाईल. जाऊ दे. घरावरचा माझा हक्क सोडायच्या कागदावर तू सही मागितलीस तेव्हा मी चष्मासुद्धा शोधला नव्हता. घरखर्चाच्या पै न् पैचा हिशेब ठेवणारी बाई मी, पण ते घर मी कधी कुठल्या रकान्यात मांडलं नाही. या नावाचेही पैसे मला नकोत. चार माणसं आईला भिंगरी म्हणून ओळखतील याचं मला वाईट वाटलं नसतं. फुलीवर पेन टेकवण्यापर्यंत आलेही होते.

अडले ती एका ओळीपाशी. "दिवंगत आईच्या अखेरच्या इच्छेनुसार," असं वकिलांनी घातलंय. तूच सांगितल्याशिवाय ते कशाला घालतील? कागद घेऊन देवापुढे बसले, पण ती ओळ काही घशाखाली उतरेना. तिची अखेरची इच्छा तुला कुणी सांगितली? तू तर नव्हतास. शेवटी शेवटी ती डोळे उघडले की एवढंच विचारायची, "धाकटा आला का गं?" मी तुला किती फोन केले ते राहू दे. शेवटच्या दिवशी माझ्याने 'नाही' म्हणवेना. म्हटलं, येऊन गेला, तू झोपली होतीस, डोक्यावरून हात फिरवून गेला. ती म्हणाली, "मग मला उठवायचं नाही का?" त्यानंतर ती बोललीच नाही. तुझ्यासाठी मी तिच्याशी खोटं बोलले, त्याची माफी रोज जपाला बसले की मागते. ते खोटं एकदाच आणि तोंडी होतं. आता सहीनिशी लिहून देणार नाही. कागद आला तसा परत पाठवते आहे.

तुझीच,
ताई