खुडूक पाहिजे

८ जानेवारी, बुध.
काळवी गेली. मुंगूस. पहाटे मागच्या दारी फडफड ऐकू आली, वाटलं नेहमीची भांडणं, कूस बदलून झोपले. उठून बघते तर खुराड्याची जाळी एका कोपऱ्यात वर उचललेली आणि पिसं पार मोरीपर्यंत. बाकीच्या तीन कोंबड्या आणि लाल्या कोंबडा पत्र्यावर चढून बसलेले. त्यांना ओरखडा नाही. नेमकी तीच.

जाळी तारेने आवळा म्हणून ह्यांना दिवाळीपासून सांगतेय. आज आवळली.

रडू आलं. कोंबडीसाठी. इथे लिहिते, बोलणार कुणाला नाही.

९ जाने.
तिची सात अंडी तांदळाच्या डब्यावरच्या टोपलीत आहेत. हे म्हणाले, ‘पोळी कर अंड्याची.’ मी नुसतं बघितलं.

सासूबाईंनी पहिली काळी कोंबडी कुडाळहून एसटीत पिशवीत घालून आणली होती. मी लग्न होऊन नाहूरला आले तेव्हा मागच्या दारी तिची लेक होती. मग लेकीची लेक. मानेवर सोनेरी ठिपके, आणि डोळा असा की आपल्यालाच काहीतरी विचारतेय. गेल्या पावसाळ्यात मानमोडीची साथ आली, त्यात सगळ्या गेल्या, ही एकटी राहिली. आता सात अंडी. एवढंच.

ती उबवायला खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसून राहणारी, कोंबडी पाहिजे. माझ्या तिघी साथीनंतर आणलेल्या, हॅचरीच्या. अंडं टाकतात आणि चालू लागतात, वर बसायचं असतं हे त्यांच्या गावीही नाही. अंडी आठवडाभर टिकतील, थंडी आहे म्हणून दोन दिवस जास्त. पुढे काही खरं नाही.

हे म्हणाले, ‘ऑनलाइन मशीन मिळता. अंडी घाल, बटण दाब.’
‘आणि लाईट गेली की वर कोण बसणार? तुम्ही?’

१२ जाने., रवि.
सकाळी लिलावाला. मुलुंडच्या पुढे नाक्यामागच्या मैदानात, नेहमीचाच. गर्दी बरी होती. भांडुपचे, विक्रोळीचे, दोघे-तिघे पार बदलापूरहून आलेले. तात्या लाकडी पेटीवर उभा, एका हातात कोंबडीचे पाय, दुसऱ्यात चहा. ‘बोला, अंड्यावरची आहे, बोला... एक वार, दोन वार...’

माझी वाट माझ्याच जिभेने लावली. खुडूक कोंबडी अंडं देत नाही, नुसती फुगून बसते, म्हणून लिलावात तिला कुणी विचारत नाही. विकणारे आदल्या दिवशी तिला पाण्यात बुचकळतात, नाकात पीस खुपसतात, म्हणजे ती उठते आणि अंड्यावरची, म्हणजे अंडी देणारी, म्हणून खपते. मी नाकाचं भोक बघते. पोटाखाली हात घालते, पिसं गळून कातडी उघडी आणि गरम लागली की संपलं. सगळ्यांदेखत सांगते, ‘तात्या, ही खुडूक आहे.’ इतकी वर्षं हेच केलं. लोक कोंबडी घ्यायच्या आधी माझ्याकडे बघतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

आज ज्याला विचारलं, ‘खुडूक आहे का रे?’ तो कानाला हात लावतो. ‘नाय काकी, कालच अंडं दिलंय.’ एकाने आईची शपथ घेतली. म्हटलं, अरे बाबा, मला खुडूकच पाहिजे. तर हसला. ‘काकी, असं बोलून तुम्ही काढून घेता ना आमच्याकडून.’

त्यात शोभा कांबळे आली. घाटकोपरची, टेकडीवर राहते, घरामागे आठ-दहा कोंबड्या. दोन वर्षं आम्ही बोलत नाही. टोपलीवर ओढणी बांधलेली. तात्याने गाठ सोडायला घेतली आणि तिने मला बघितलं. टोपली ओढून घेतली. ‘नको, आज नाही द्यायची,’ आणि चालती झाली.

तात्या पेटीवरून वाकून हळूच म्हणाला, ‘तुला बघून गेली. खुडूक होती तिची.’

धावले मागे. रिक्षा सुटली.

रागाच्या भरात भांडुपवाल्याकडची एक तांबडी घेतली. नाक संशयास्पद, पोट गरम. मला वाटलं, हीच.

त्याच दिवशी, संध्या.
तांबडीने घरी येईपर्यंत पिशवीतच अंडं घातलं. लिलावात सगळे जिच्यासाठी भांडतात ती कोंबडी मला आयती मिळाली. पोट गरम होतं कारण भांडुपवाल्याची पिशवी उन्हात होती. एवढी मी जाणकार.

१३ जाने.
हे खूश. तांबडीने आज परत दिलं. मी मोरीपाशी बसून होते तर म्हणतात, ‘खुडूक शोधूक बाजारात कित्याक जातंस? दोन दिस तूच खुडूक जावन बसलंस.’ हसू आलं, पण दाखवलं नाही.

शोभाचा विचार डोक्यातून जात नाही. दोन वर्षांपूर्वी तिची एक कवडी कोंबडी लिलावात होती, बोली चांगली चढली होती आणि मी म्हटलं, ‘खुडूक आहे.’ तिला परत न्यावी लागली. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणे त्या आठवड्यात, हे मला नंतर कळलं. पण कोंबडी खुडूकच होती. आधी कळलं असतं तरी मी गप्प बसले असते का, माहीत नाही.

उद्या संक्रांत. निमित्त चांगलं आहे.

१४ जाने., मंगळ.
घाटकोपरला गेले. तिळाचे लाडू आणि पिशवीत रिकामी टोपली. चढ चढून जीव गेला. दारातच उभी होती, कोंबड्यांना शिळा भात टाकत.

‘तिळगूळ घे,’ म्हटलं. पुढचं ‘गोड बोल’ गाळलं.
‘आमच्यात संक्रांत नसते,’ म्हणाली. मग डबा हातातून घेतला. ‘लाडू ठेव.’

चहा दिला. तिने घर रंगवलंय. मुलगी आता एका ऑफिसात लागली. मी काळवीचं सांगितलं, मुंगसाचं, सात अंड्यांचं. ती ऐकत होती, चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे तुला खुडूक पाहिजे.’
‘हो.’
‘मोठ्याने बोल ना. लिलावात बोलतेस तशी.’
‘मला खुडूक पाहिजे, शोभा.’
आतून तिची मुलगी हसली.

विकत मागितली तर नाही म्हणाली. निम्म्या वाट्याने देईन, म्हणाली. त्यांच्या गावाकडे शेळ्या अशाच देतात. कोंबडी तिची, अंडी माझी, पिल्लं निघाली की अर्धी-अर्धी, मोठी होईपर्यंत सांभाळायची मी. ‘आणि पहिलं पिल्लू मी निवडणार.’ विचार करत बसण्याएवढा वेळ अंड्यांकडे नव्हता. हो म्हटलं.

कवडीचीच लेक आहे, करड्या ठिपक्यांची. रिक्षात सगळ्या वाटेभर खुड्-खुड् करत होती. दिवेलागणीला अंधाऱ्या कोपऱ्यात, गवतावर अंडी मांडून वर ठेवली.

१५ जाने.
बसत नाही. अंड्यांपासून हातभर लांब उभी. जागा बदलली की खुडूकपणा जातो कधीकधी, मला माहीत होतं, शोभालाही माहीत असणार. गोणपाट टाकून अंधार केला. जवळ जायचं नाही असं ह्यांना बजावलं आणि स्वतः चार वेळा जाऊन आले.

१६ जाने.
बसली. सकाळी गोणपाट उचललं तर अंडी दिसेनात, सगळी पोटाखाली. माझ्या हातावर चोच मारली. इतकं बरं वाटलं की ह्यांना दोनदा चहा दिला.

शोभाला फोन केला. ‘बसली.’
‘बसणारच. आमची आहे.’

२३ जाने.
काळोख पडल्यावर मोबाईलच्या टॉर्चवर अंडी बघितली. हे धरत होते, मी बघत होते. तीन कोरी, पाण्यासारखी. ती काढली. चारांत शिरा दिसल्या, लाल, कोळ्याच्या जाळ्याएवढ्या बारीक, आणि मधे काहीतरी हललं. हे एकदम हळू आवाजात म्हणाले, ‘जिता हा गो.’ नंतर स्वतःच जाळी परत एकदा तपासून आले.

२६ जाने., रवि.
लिलावाला गेले नाही. कोंबडी दिवसातून एकदा उठते, दाणे, पाणी, धुळीत लोळते, परत. शेजारची वनिता म्हणाली, तुझा जीव तिथेच अडकलाय. आहेच.

तात्याचा फोन. ‘काय गं, आज भाव चढले. ‘खुडूक आहे’ म्हणायला कुणीच नाही.’

१ फेब्रु.
काही नाही. कोंबडी बसलीय. मी पण.

४ फेब्रु.
कानाला लावलं तर एका अंड्यात टकटक. दुसऱ्यातही, मंद. उरलेली दोन गप्प. हात शिवशिवतात, पण कवच आपण फोडायचं नाही, पिल्लू दगावतं. सासूबाई माझ्या हातावर चापट मारायच्या.

५ फेब्रु.
दोन आली. एक तपकिरी, पाठीवर पट्टा. एक काळं, अगदी काळं, पोट तेवढं पिवळट. गप्प होती ती दोन गप्पच राहिली, जास्वंदीखाली पुरली.

काळं पिल्लू वाळल्यावर मान वाकडी करून माझ्याकडे बघत होतं. तो डोळा. मी हाक मारली, काळवी. लगेच वाटलं, हाक मारायला नको होती.

पाट, म्हणजे मादी, की कोंबडा, कोण सांगणार. पाट निघाली तर वंश राहिला. दोन्ही कोंबडे निघाले तर इथेच संपलं. तुरा दिसायला महिना-दीड महिना जाईल.

९ फेब्रु., रवि.
शोभा आली. पहिल्यांदाच माझ्या घरी. ह्यांनी कोळंबी आणली होती, पोटभर जेवली, सोलकढी दोनदा घेतली. मग मागच्या दारी.

पिल्लं कोंबडीच्या पंखातून डोकी काढत होती. शोभा उकिडवी बसली.
‘पाट कुठली ते सांग.’
‘एवढ्यात कळत नाही गं.’
‘तुला कळत नाही?’
‘कुणालाच कळत नाही.’
‘लांबून नाकातलं पीस दिसतं तुला.’
‘शोभा, खरंच सांगते.’

तिने माझ्याकडे बघितलं. मी लिलावात विकणाऱ्यांकडे बघते तसं. जन्मात पहिल्यांदा मी त्या जागी उभी होते, आणि खरं बोलत होते, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. लिलावातल्या त्या पोराने घेतलेली आईची शपथ आठवली, ती मात्र खोटी असणार.

बराच वेळ बसली. मी दुसरीकडे बघायचं ठरवलं होतं, जास्वंदीकडे, पत्र्याकडे.
‘हे,’ म्हणाली. बोट काळ्यावर.
‘का?’
‘मघापासून तू त्यालाच बघतेस.’

शब्द दिला होता. काळं हवंय म्हटलं असतं तर कदाचित दिलंही असतं तिने, पण मग तिला पक्कं वाटलं असतं की मला माहीत होतं. आणि मागायचं तरी कसं, मला खरंच माहीत नाही.

खुणेला दोरा मागितला. शिलाईच्या डब्यातून लाल काढून दिला. तिने काळ्याच्या पायाला गाठ मारली, नीट, हलक्या हाताने. जाताना म्हणाली, ‘तपकिरी चांगलं आहे गं, तेज आहे.’ लाडवाचा डबा परत दिला, आत सुकट होती. मला ती बाई आवडायला लागली आहे, हा आणखी एक ताप.

आता काळं कोंबडा निघावा आणि तपकिरी पाट, म्हणजे वंश माझ्याकडे. असं म्हणते आणि मग तो डोळा बघते आणि वाटतं, नको, ही पाटच असू दे, असेना घाटकोपरला. एकदा असं, एकदा तसं. हे म्हणाले, झोप आता.

पिल्लाचा पाय भराभर वाढतो, दोरा आठवड्याला सोडून सैल बांधावा लागतो, नाहीतर रुततो. ते काम माझ्याकडेच.