यंदा बेशुद्ध कोण पडणार?

रविवार, सकाळ

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, तो त्याचा स्वभावच. तुम्ही सगळे बरे असाल. नसाल तर लगेच कळव, असाल तरी कळव. मला काळजीनं झोप लागत नाही. फोन केला असता, पण आपल्या दोन खोल्यांत आईच्या नकळत काही बोलता येत नाही, आणि विषय तिचाच आहे.

वाचनालयाचं नाटक शनिवारी आहे. लिहिणारा नेहमीचाच, औषधांचा दुकानदार. त्याच्या नाटकात बाई एकच, आई. ती दरोडेखोर झालेल्या मुलाला "बाळा, जेवून जा" म्हणते, रडते आणि बेशुद्ध पडते. नाटक संपेपर्यंत तशीच. हे काम दरवर्षी तुझी आई करायची. यंदा म्हणाली, "मी नाही पडणार. मला दरोडेखोरांचा सरदार करा."

दुकानदार म्हणाला, "वहिनी, मिशा लावाव्या लागतील!"

"लावीन की. तुम्हांला तरी कुठे फुटल्यात?"

सगळे खो खो हसले. दुकानदार चिडला. "आई करायला माणूस आणा. नाहीतर सरदाराचं काम आपला न्हावी करील, आणि तुम्ही आपल्या जागी."

दुसरी कुणी तयार होईना. मला तर घामच फुटला. या वयात बायको मिशा लावून तलवार फिरवणार, लोक काय म्हणतील? तूच तिला समजाव, असं लिहिणार होतो. पण राहू दे. आईच्या कामाला माणूस मिळालं आहे.

त्या माणसाचे फार हाल आहेत गं. बेशुद्ध पडल्यावर डास चावतो, खाजवता येत नाही. बाकीचे डोक्यावर उभे राहून तिच्याच मुलावरून भांडतात, पण तिला कुणी काही विचारत नाही. काल त्या माणसानं धीर करून दुकानदाराला म्हटलं, "ही बाई शुद्धीवर येऊन काही बोलली तर?" तो म्हणाला, "आई काय बोलणार हो?" मी म्हटलं, "लिहून तर बघा!"

घ्या, लिहून बसलो. हो, मीच तो. जावईबापूंना सांगू नकोस.

परवा तर माघार घ्यायलाच निघालो होतो. जन्मभर शिंपीकाम केलं, मला कुठलं नाटक जमणार? तालमीला गेलो तर ही मिशा लावून उभी. "आई, निघतो मी. वाट अडवू नकोस!" असा आवाज लावला की रस्त्यावरची माणसं खिडकीशी आली. इतकी वर्षं हा आवाज होता कुठे? मी बघतच राहिलो. दुकानदार ओरडतोय, "पडा हो, पडा!" आणि मला पडायचं सुचेचना.

मग माघारीचं तोंडातच राहिलं. तिचा कोट मीच शिवतोय. बाह्या सैल ठेवल्यात, तलवार नीट फिरावी म्हणून.

दुकानदारानं शेवटी एक वाक्य दिलं. शुद्धीवर येऊन आईनं सगळ्यांकडे बघायचं आणि म्हणायचं, "मला कुणी विचारलं होतं का?" एवढंसं वाक्य, पण म्हणताना माझा आवाज कापतो. हिला विचारलं, कसं म्हणू? तर म्हणते, "कापू दे. तसाच म्हणा."

शनिवारी नक्की ये. पुढे बस. हसू आलं तर खुशाल हस, पण ते वाक्य होईपर्यंत थांब.

तुझा घाबरलेला, पण पडून उठायला तयार,
बाबा