धडगावचा सर्व्हर आणि माझी नोंद

२ सप्टेंबर, मंगळवार. धडगाव

बिघडवलं. मीच.

ट्रस्टच्या दवाखान्यातल्या सर्व्हरचं फर्मवेअर नवं टाकत होतो – यंत्र चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम. अर्धं झालं आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी मेलेली. आधी तपासायला हवी होती, तपासली नाही. आता बटण दाबलं की पंखे जोरात फिरतात, स्क्रीन काळी, नुसत्या शिट्ट्या.

दवाखान्याच्या डॉक्टर निर्मला मॅडमना सांगितलं – लाइटीमुळे झालं. अपडेटचं बोललोच नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अठराशे पेशंटच्या नोंदी आत आहेत. बाहेर ठेवलेली शेवटची कॉपी जानेवारीची.

३ सप्टेंबर

पेनड्राइव्हवर फर्मवेअर ठेवून पाहिलं. बोर्डवरचा रिकव्हरीचा जंपर, म्हणजे पिनांवरची छोटी टोपी, बदलून पाहिला. पाच वेळा. शिट्ट्याच.

दुपारी जमुनाबाई मुलीला पाठीवर घेऊन आल्या. रिना, अठरा वर्षांची, सिकलसेलची. अंग दुखून कळवळत होती, डोळे पिवळे. रक्त चढवायला लागणार. पण जूनमध्ये नंदुरबारच्या एका खाजगी दवाखान्यात चढवलेलं रक्त तिला मानवलं नव्हतं, जीवावर बेतलं होतं. कोणतं चालत नाही ते मॅडमनी तेव्हा कॉम्प्युटरवर लिहून ठेवलेलं. कागद पावसात गेला, असं जमुनाबाई त्यांच्या पावरी बोलीत सांगत होत्या. नर्सने मराठी करून सांगितलं.

मॅडमनी तिला नंदुरबारला पाठवलं. तिथे सगळ्या चाचण्या पहिल्यापासून होणार. रक्त मिळायला उशीर होणार.

जमुनाबाईंनी जाताना माझ्याकडे पाहिलं. बहुतेक सहजच पाहिलं असेल.

४ सप्टेंबर

नंदुरबारला गेलो. नवनीतचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्याच्याकडे चिपवर थेट लिहायचं यंत्र आहे, चिमट्यासकट. यंत्र हातात देत तो म्हणाला, ‘ली जाय. पन पहिले जुनं वाचीसन ठेव, मंग पुसजो.’

सरकारी दवाखान्यात डोकावलो. रिनाला सलाईन लावलेलं. रक्त अजून नाही. जमुनाबाई पलंगाच्या पायाशी बसलेल्या. आत गेलो नाही.

५ सप्टेंबर

घाटात जीप दोन तास अडकली, दरड. पोचलो तेव्हा दुपार झालेली.

आठ पायांची चिप, नखाएवढी. चिमटा तीनदा निसटला. जुनं वाचून ठेवलं, पुसलं, नवं लिहिलं, ताडून पाहिलं – जुळलं. बटण दाबलं. एकच शिट्टी, आणि स्क्रीनवर कंपनीचं नाव!

मग खाली ओळ – चालू करायला डिस्क सापडत नाही.

नोंदी गेल्या असं वाटलं. बाहेर जाऊन बसलो.

६ सप्टेंबर, शनिवार

डिस्क धड होत्या. नवं फर्मवेअर टाकल्यावर सेटिंग कंपनीच्या मूळ स्थितीवर गेलेलं, म्हणून जोडीने चालणाऱ्या दोन डिस्क त्याला ओळखूच येत नव्हत्या. स्क्रीन विचारत होती, नवी जोडी बनवू का? हो म्हटलं असतं तर सगळं पुसलं असतं. नाही म्हटलं. सेटिंग पूर्वीसारखं केलं. सकाळी नऊ चाळीसला सुरू झालं.

मॅडमनी उभ्यानेच रिनाची नोंद उघडली आणि नंदुरबारला फोन लावला. दुपारी निरोप आला – जुळणारं रक्त मिळालं, चढतंय.

मग मी त्यांना सांगितलं. अपडेट, बॅटरी, सगळं. त्या रागावल्या नाहीत. ‘हे मंगळवारी सांगायचं होतंस, जोएल,’ एवढंच.

मी निघण्याआधी त्या म्हणाल्या, जुन्या नोंदी उघडतात का तेही बघ. दुसऱ्या कुणाची कशाला, म्हणून स्वतःची काढली. चार वर्षांपूर्वी याच दवाखान्याच्या शिबिरात सिकलसेलच्या तपासणीसाठी रक्त दिलं होतं. रिपोर्ट आणायला गेलोच नव्हतो.

उघडली. निकाल – सिकलसेलचा वाहक.

७ सप्टेंबर, रविवार. नवापूर

लग्नाआधी लिडियाने स्वतःचा कागद मला दाखवला होता. तीही वाहक. मी तेव्हा म्हटलं होतं, माझा चांगला आला. दोघं वाहक असले तर प्रत्येक मुलाला चारात एक धोका. तिला तिसरा महिना आहे.

चर्चमधून आल्यावर सांगितलं. पोटातल्या बाळाची तपासणी होते, मॅडम म्हणाल्यात, हेही सांगितलं. तिने विचारलं, ‘तपासणीला जायला उद्याची पहिली गाडी किती वाजता?’