बर्फाच्या चित्रावरची सही

दादा,

तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात, त्याहून आज मी वयाने मोठी आहे. म्हणून बापाला सांगते तसं नाही, थोरल्या बहिणीसारखं सांगते, ऐकून घ्या. कुरुंद्याच्या विहारात आलेल्या त्या जपानी भन्तेंनी तुमच्यापासून काहीही लपवलं नव्हतं.

तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं. विहाराची पाटी तुम्हीच रंगवलेली. वसमतच्या बाजारात तेव्हा तुमच्या हातच्या पाट्या जिथे तिथे दिसायच्या. मराठी तर होतीच, पण निजामाच्या शाळेत शिकल्यामुळे उर्दूही तुम्ही झोकात लिहायचात. तुमची पाटी बघून भन्ते खूश होतात आणि पिशवीतून एक गुंडाळी काढून तुमच्या हातात देतात. आत छापील चित्र, बर्फात बुडालेलं खेडं. आई माझ्या कानाशी लागते, "जिनिंगातला कापूस उडून राहिला वाटतं." मला हसू आवरत नाही. तुमची नजर मात्र कोपऱ्यातल्या उभ्या काळ्या अक्षरांवर आणि त्यांच्याखालच्या लाल शिक्क्यावर खिळलेली. तुम्ही विचारता, "भन्तेजी, ये क्या लिखा है?" भन्ते चित्र जवळ धरतात, लांब धरतात आणि हसून मान हलवतात. "नहीं पढ़ सकता." तुम्ही म्हणता, "आप ही की भाषा है ना?" "हाँ. लेकिन नहीं पढ़ सकता."

परतीच्या बसमध्ये तुम्ही ती गुंडाळी पुन्हा पुन्हा उघडून बघितलीत. घरी आल्यावर आईवर बरसलात. "सोताची भाषा वाचता येत न्हाई, असं व्हतंय का कधी? माझ्या आज्यालाबी असंच म्हणत व्हते, तुला काय करायचंय वाचून. आमी धम्म घेतला, तरीबी अक्षर आमच्यापासून दूरच? काहून लपवावं यानं?" आई म्हणाली, "अवो, नसंल येत त्याला." तुम्ही म्हणालात, "येतंय. हसला कसा, पायलं न्हाई का तू?" झालं! त्या बिचाऱ्याच्या हसण्यानेच घात केला.

मग तुम्ही हट्टाला पेटलात. दुपारचं काम उरकलं की रद्दी पेपर पसरून, पाट्यांचा बारीक ब्रश घेऊन ती अक्षरं गिरवत बसायचात. मी शेजारी. "अक्षर वाचता आलं न्हाई तरी हात वाचता येतो, पोरी," तुम्ही सांगायचात. शाई कुठे दाट आहे, ब्रश कुठे टेकला, कुठे उचलला, यावरून ही अक्षरं वरून खाली लिहिली आहेत हे तुम्ही आपलं आपण हुडकलंत. शेवटचं अक्षर तुमचं लाडकं, "वावराला बांध घातल्यावानी हाये बघ." एकदा आत्या आली आणि लाल शिक्का बघून चवताळली. "धम्म घेतला ना रे आपण? मंग हे कुंकू कोनं लावलं याला?" असं म्हणत ओल्या पदराने पुसायलाच निघाली. तुम्ही तिचा हात असा काही धरलात की ती रडायलाच लागली. मला तेव्हा तुमची भीती वाटली होती.

भीती वाटावी असंच ते होतं. तुम्ही विहारात जाणं सोडलंत. बुद्धपौर्णिमेला माणसं बोलवायला आली की "काम हाये" म्हणून पाठ फिरवायचात. लोक म्हणायला लागले, पेंटरला शिंगं फुटली. आणि शेवटच्या आजारात आईला बजावलंत, "माझ्या मातीला भन्ते बोलवू नका." आम्ही नाही बोलावले. बुद्धवंदना गल्लीतल्या माणसांनीच म्हटली, तीही अडखळत. आईला ते फार लागलं. भावाचं लग्न होऊन सून आली, नातवंडं झाली, तरी ती मधेच म्हणायची, "तुज्या बापाला धड निरोपबी भेटला न्हाई."

पुढे नोकरीसाठी मी पुण्यात गेले. तिथे एक वयस्क जपानी बाई संध्याकाळी त्यांची भाषा शिकवायच्या. दोन वाक्यं बोलता यायला लागल्याबरोबर मी ते चित्र घेऊन गेले. बाईंनी ते जवळ धरलं, लांब धरलं आणि त्याही हसून म्हणाल्या, मला नाही वाचता येत. लाज वाटली की जपानी माणसं अशीच हसतात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, हे जुन्या वळणाचं, पळत्या ब्रशाचं अक्षर. शिक्क्यातली लिपी तर त्याहून जुनी, ती वेगळी शिकावी लागते. दादा, आपल्याकडे मोडीतला कागद समोर आला की चांगला शिकलेला माणूसही हात टेकतोच की. तुमच्या आजोबांचा वावराचा कागद तुम्हाला तरी कुठे वाचता येत होता? तेव्हा हे तुमच्या डोक्यात कसं आलं नाही हो?

पुढची कित्येक वर्षं मी जपानी चित्रांच्या पुस्तकांतल्या सह्यांशी ती अक्षरं ताडून बघितली. अखेर लागली. धम्माचं त्यात काही नाही. वरची अक्षरं म्हणजे चित्रकाराचं नाव, शिक्क्यातही तेच नाव. आणि तुमचं ते शेवटचं, वावरासारखं अक्षर म्हणजे 'काढलं'. अमक्याने हे चित्र काढलं, बस्स. एवढ्यासाठी तुम्ही आपल्या माणसांना मुकलात, याचं मला अजून रडू येतं.

हे पत्र मी घडी घालून कपाटात ठेवून देणार, दुसरं काय करणार! पण एक कबूल करते. जपानी मी हौसेने शिकले नाही. भन्ते खोटं बोलले, हे मला त्यांच्याच भाषेत सिद्ध करायचं होतं. बाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, तेव्हा मी मनातल्या मनात त्यांना विनवत होते: वाचा बाई, घडाघडा वाचून दाखवा, माझ्या बापाला एकदा तरी खरं ठरू द्या.