धाकट्याची पाळी आधी

नांदेड,
रविवार, उपासनेहून आल्यावर

प्रिय सुवार्ता,

प्रभूची शांती तुझ्या घरावर असो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. एलिशा मजेत आहे. सुट्टीला आल्यापासून शेंगदाण्याची चटणी त्यानं एकट्यानं संपवत आणली. बापाची जीभ घेतली आहे पोरानं. तू बजावलंस तसं तुझ्या कॅन्सरचं मी त्याला काही बोलले नाही. मम्मीला लातुरात ऑफिसचं काम आहे, एवढंच. किमोनंतर तोंडाला चव नसते म्हणालीस, तर आनंदराजांना पातळ कढी करायला सांग. जावई गुणाचे आहेत, पण सांगितल्याशिवाय त्यांना सुचत नाही.

परवा पेटीत तुझ्या हदगावच्या शाळेतल्या लाल रिबिनी सापडल्या. काविळीनं मी खाट धरली होती ते वर्ष आठवतं? उठून बसायचंही त्राण नव्हतं. तू खाटेला पाठ लावून खाली बसायचीस आणि मी पडल्या पडल्या तुझ्या वेण्या घालायचे. एक कानावर, दुसरी मानेवर. शाळेत पोरी हसायच्या, पण तू सोडायची नाहीस. आईनं घातल्यात, म्हणून ठणकावून सांगायचीस. त्या वर्षी तुम्हाला धड रांधून घालणं माझ्याच्यानं झालं नाही, पण वेण्या आणि संध्याकाळची प्रार्थना मी चुकू दिली नाही.

प्रार्थनेत आपल्याकडे धाकट्याची पाळी आधी. त्या वर्षी एका संध्याकाळी डोळे घट्ट मिटून तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "देवा, आईचे डोळे लई पिवळे झालेत, मला भ्या वाटून राहिलं. अन् पप्पाची भाकर रोज जळून राहिली. आईला लवकर उठव." तुझे पप्पा आमेन म्हणायचं सोडून हसत सुटले. मी पदर तोंडाला लावून रडले. मग डॉक्टर काय म्हणाले ते तुला जवळ घेऊन सगळं सांगितलं. त्या रात्री तू किती दिवसांनी गाढ झोपलीस.

आता पाळी आधी एलिशाची असते. आजोबांच्या गुडघ्यासाठी मागतो, शेजारच्या गाभण शेळीसाठी मागतो आणि मग गप्प होतो. ओठ हलतात, आवाज नाही. थोड्या वेळानं आमेन. काल मी त्याला विचारलं. इकडे यायच्या आधीच त्यानं तुझ्या कंगव्यात केसांचे पुंजके पाहिले होते. मोठ्यानं मागितलं तर आजी फोनवर सांगेल आणि मम्मी रडेल, म्हणून तो तुझं नाव देवाच्या कानात सांगतो. पोरी, तू त्याच्यापासून लपवतेस आणि तो तुझ्यापासून. शनिवारी मी त्याला घेऊन लातूरला येते, नाही म्हणू नकोस. डोक्याला ओढणी बांधायची तर बांध, नाहीतर तशीच बस. संध्याकाळी त्याची पाळी आली की या वेळी त्याला मोठ्यानं मागू दे.

तुझीच,
तिरक्या वेण्या घालणारी आई