घासकामात दोनशे बारा खुर्च्या

सोमवार, ६ जानेवारी
आजपासून नवीन सॉफ्टवेअर. कारखान्यातली प्रत्येक अर्धवट खुर्ची लाकूडकापणीत आहे, पॉलिशपेपरच्या घासकामात आहे की रंगात, हे मला जागेवर बसून दिसणार. प्रत्येक ढिगाला कार्ड, प्रत्येक विभागात स्कॅनर. तीस वर्षं वहीत लिहिलं, पुरे झालं. मालकीण हाउकबाई म्हणाल्या, "डेलमर, हे तूच करू जाणे." खरंच आहे.
बायको, व्हर्ना, तिच्या बहिणीकडे गेलीय, एव्हन्सव्हिलला. बहिणीचा गुडघा. दोन आठवडे.

मंगळवार, २१ जानेवारी
व्हर्ना अजून आली नाही. गुडघे वेळ घेतात. फोनवर तिला स्कॅनरचं सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "मी कशी आहे, ते विचार की एकदा." लगेच विचारलं. म्हणाली, आता राहू दे. दमली असणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी
स्क्रीनवर घासकामात २१२ खुर्च्या! काय वेग! पुढे का सरकत नाहीत, तेवढं बघायला हवं. तिथला ओटिस म्हणतो, "दर वेळी हातमोजे काढा, स्कॅन करा, परत घाला. कोण करणार? आठवल्यावर करतो एकदम. तू खाली येऊन बघ ना एकदा." शिस्त नाही माणसाला. उद्यापासून कडक व्हायचं.
उद्या बर्फ पडणार आहे. सोमवारपासून.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
व्हर्नाला फुलं पाठवली. फोन बहिणीने घेतला. जिना उतरून तिनेच फुलं घेतली म्हणे. म्हणजे गुडघा बरा झाला.
बहुतेक आता दुसरा दुखत असेल.

सोमवार, ३ मार्च
एका हॉटेलला साठ खुर्च्या हव्यात. हाउकबाईंनी विचारलं, जमेल? स्क्रीन बघून सांगितलं, पुढच्या शुक्रवारी ट्रक बोलवा. खाली जायची गरजच काय? त्यासाठीच तर सॉफ्टवेअर.

गुरुवार, १३ मार्च
उद्या ट्रक यायचा, म्हणून खाली गेलो. घासकामात उभं राहून खुर्च्या मोजल्या. एकोणीस. परत मोजल्या. एकोणीस. मोडलेल्या केव्हाच सरपणात गेल्या, बाकीच्या रंगून विकल्याही गेल्या. कार्डं तेवढी खिळ्याला लटकलेली.
ओटिस चिडला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, "मी इथे उभा असतो, डेलमर. आणि इथे काय आहे, ते तू वर बसून मला सांगायचास."
सोमवारपासून स्क्रीन दुसरं कोणी बघेल, असं हाउकबाई म्हणाल्या. मलाही जरा विश्रांती हवीच होती.

रविवार, १६ मार्च
व्हर्नाचा फोन. आज आधी, ती कशी आहे ते विचारलं. बरी आहे. मग गुडघ्याचं विचारलं. म्हणाली, "गुडघ्याचं तूच म्हणालास. मी फक्त नाही म्हटलं नाही."
शनिवारी येते म्हणाली. येतेय! बाकी सगळं समोरासमोर बोलू.

शनिवार, २२ मार्च
सकाळी घर झाडलं. बटाट्याचं सूप केलं. व्हर्ना आली. तिची बॅग आणायला गाडीकडे निघालो, तर म्हणाली बॅग आणलेली नाही. कोट काढला नाही. तिने एव्हन्सव्हिललाच राहायला जागा घेतलीय. डिसेंबरातच ठरलं होतं. मला दोनदा सांगितलंही होतं म्हणे.
घटस्फोटाचे कागद होते. सही कुठे करायची, तिथे तिने बोट ठेवलं. केली.
सूप दोघांपुरतं होतं. म्हटलं, डब्यात भरून देतो.
म्हणाली, "मग डबा परत द्यायला यावं लागेल."
नेलं नाही.